चिंधीचा व्यापार आणि व्यापाऱ्याचें शील

टाकलेल्या वस्तूला पुन्हां मालाचा दर्जा देऊन ती उद्योगाच्या चक्रांत फिरती ठेवणें, याला अलीकडे ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांव नवें असलें तरी व्यवहार जुना आहे. ज्या घरांत जुन्या लुगड्याची गोधडी झाली व गोधडीचें अखेर पोतेरें झालें, त्या घराला हें तत्त्व शिकविण्याची गरज नाहीं. पण घर निराळें आणि धंदा निराळा. घरांत काटकसर शोभते. धंद्यांत ती नफ्याच्या कसोटीला उतरावी लागते. तेव्हां टाकाऊ मालावर उभारलेला धंदा कोणत्या गुणांवर टिकतो व कोणत्या दोषांनीं खचतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर कल्पनेनें देण्यापेक्षां इतिहासाला विचारणें बरें. आणि त्यासाठीं इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांतल्या बॅटली या गांवाइतका बोलका साक्षीदार क्वचितच मिळेल.

नेपोलियनशीं चाललेल्या युद्धामुळें त्या काळीं लोंकर महाग झाली होती. अशा टंचाईंत, 1813 सालीं, बॅटलीच्या बेंजामिन लॉ यानें लोंकरी चिंध्या पिंजून त्यांचे तंतु मोकळे केले, त्यांत थोडी नवी लोंकर मिसळली, आणि त्या मिश्रणाचें सूत काढून कापड विणलें. या पुनर्जात लोंकरीला ‘शॉडी’ म्हणूं लागले. पुढें शिंप्यांच्या कातरणासारख्या घट्ट कापडाचे तंतुहि सोडवितां येऊं लागले. त्या बारीक मालाला ‘मुंगो’ हें नांव पडलें. बॅटली, ड्यूझबरी व भोंवतालचीं गांवें या धंद्यावर भरभराटीला आलीं. परदेशांतून चिंध्यांचे गठ्ठे येऊं लागले आणि रेल्वेच्या स्टेशनांवर त्यांचे लिलाव होऊं लागले. 1860 मध्यें सॅम्युएल जब यानें या व्यापाराचा स्वतंत्र इतिहासच लिहिला. चिंधीचा इतिहास लिहिला जावा, यांतच तिचें वैभव आलें.

आतां हें वैभव यंत्राचें होतें काय? चिंध्या फाडणारें दांतेरी यंत्र ज्याच्यापाशीं पैसा असेल त्याला विकत घेतां येत होतें. विकत मिळत नव्हती ती पारख. गठ्ठा फुटला कीं प्रत्येक तुकडा हातांत घेऊन त्याचा पोत, त्याचा रंग, त्यांतील कापसाचा अंश ओळखावा लागे. शिवणी व गुंड्या काढाव्या लागत. हें काम मुख्यतः बायकांचें. रंगाप्रमाणें वांटणी चोख झाली तर पुन्हां रंगविण्याचा खर्च वांचे. ती चुकली तर सारा घाणा बिघडे. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण लुगड्याचे कांठ उलटून पाहते आणि धोतर उजेडापुढें धरते. बॅटलीच्या भांडवलाचा पहिला आंकडा तोच होता. नव्या मालाच्या कारखान्याला कच्चा माल एकसारखा मिळतो; टाकाऊ मालाच्या कारखान्याला तो एकसारखा करून घ्यावा लागतो.

दुसरा गुण शेजारधर्माचा. चिंधी विकणारा, निवडणारा, पिंजणारा, कातणारा आणि विणणारा हे पुष्कळदां निरनिराळे असत. परंतु ते हांकेच्या अंतरावर असल्यामुळें एकाची अडचण दुसऱ्याला ठाऊक असे. जें कापडाला निरुपयोगी ठरे त्यालाहि गिऱ्हाईक होतें. शिवणी व धूळ खत म्हणून केंट परगण्यांतील हॉपच्या मळ्यांत जात. आपला केर कोणाचा कच्चा माल होऊं शकेल, हें जाणणारा व्यापारी हवा. आणि तें जाणावयाचें तर त्याला स्वतःच्या भिंतीपलीकडे पाहावें लागतें.

तिसरा गुण मर्यादा ओळखण्याचा. पिंजलेल्या चिंधीचा तंतु आंखूड, म्हणून कमी बळकट. शहाणे कारखानदार त्याचे जाड कोट व कांबळीं करीत, आणि ताण्याला पुष्कळदां कापसाचें सूत घेत. हा विवेक सुटला कीं काय होतें, तें अमेरिकेच्या यादवी युद्धांत दिसलें. 1861 मध्यें निकृष्ट शॉडीचे गणवेष सैनिकांच्या अंगावर विरूं लागले, आणि ‘शॉडी’ हा मालाचा वाचक शब्द इंग्रजी भाषेंत भिकार व फसव्या वस्तूची शिवी होऊन बसला.

येथें या धंद्याचें खरें मर्मस्थान उघडें पडतें. चिंधीपासून केलेलें कापड चिंधीचें म्हणून विकण्यांत लाज नव्हती. नव्या लोंकरीचें म्हणून विकण्यांत पाप होतें. पुष्कळांनीं पाप पत्करलें, कारण लाजेपेक्षां तें किफायतशीर होतें. अखेर अमेरिकेनें 1940 मध्यें कायदा करून लोंकरी मालावर नव्या व पुनर्वापरलेल्या लोंकरीचें प्रमाण छापण्याची सक्ती केली. जी गोष्ट व्यापाऱ्यांनीं आपण होऊन सांगितली असती तर भूषण ठरली असती, ती सरकारानें सांगावयास लावल्यामुळें कलंकासारखी दिसली. टाकाऊ मालाच्या धंद्यांत सचोटी हा नुसता अलंकार नव्हे, तें भांडवल आहे. कारण गिऱ्हाइकाच्या मनांत संशय आधींच बसलेला असतो.

आणखी एक हिशेब बॅटलीच्या वह्यांत कधीं पुरता मांडला गेला नाहीं. चिंध्या फाडणाऱ्या यंत्राला लोक ‘सैतान’ म्हणत, आणि त्याच्या धुळीनें कामगारांना जो ताप येई त्याला ‘शॉडी ज्वर’ हें नांव पडलें होतें. वस्तू वांचली, पण माणसाचें फुप्फुस खर्ची पडलें, तर तें चक्र पूर्ण झालें असें कोण म्हणेल?

बॅटलीचें तें राज्य आज उरलें नाहीं. त्याचा एक वारसा इटलींतील प्राटो नगराकडे, तर दुसरा आपल्या देशांतील पानिपताकडे आला. ज्या नांवानें मराठी मनाला आजहि 1761 ची जखम आठवते, त्याच गांवीं थंड देशांतील जुने स्वेटर व कोट गठ्ठ्यांनीं येतात, रंगवार निवडले जातात आणि त्यांचीं कांबळीं होऊन आपद्ग्रस्तांच्या अंगावर जातात. पण तेथेंहि नवें संकट उभें आहे. पॉलिएस्टरचीं नवीं, हलकीं, स्वस्त कांबळीं बाजारांत आलीं आहेत. आणि जुन्या कपड्यांतहि लोंकर व कृत्रिम तंतु असे एकजीव झालेले असतात कीं, निवडणारीचा अनुभवी हातहि तेथें थिटा पडतो.

यावरून शेवटचा धडा मिळतो, आणि तो चिंधीवाल्यापेक्षां नवें कापड करणाऱ्याला अधिक लागू आहे. वस्तु जन्माला घालतांनाच तिच्या अंताचा व पुनर्जन्माचा विचार ज्यानें केला नाहीं, त्याची चूक पुढच्या कोणत्याहि यंत्राला पुरती निस्तरतां येत नाहीं. पारख, शेजार, मर्यादा आणि सचोटी हे गुण चक्राच्या एकाच टोकाला असून भागत नाहीं. चिंधी विकत घेणाऱ्याकडून आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा करतों. ती नवें ठाण विकणाऱ्याकडूनहि करूं लागूं, तेव्हांच या भारदस्त नांवाला साजेसा धंदा उभा राहील.