आभाळ कुठून आणलं?

शनिवारी सकाळी जुनी हार्ड डिस्क आवरत बसलो होतो. त्यात मे २०१६ चा एक फोल्डर निघाला. आत एकाच फोटोच्या दोन फाइल्स. एकीचं नाव कॅमेऱ्यानं दिलेलं, दुसरीचं मी दिलेलं, 'धरण फायनल'. दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या आणि हातातला चहा गार झाला.

तर झालं असं होतं. आमचं गाव कळंब, जिल्हा धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद). जवळच धनेगावला मांजरा नदीवरचं धरण आहे. त्या उन्हाळ्यात ते पार कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतंय? १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, ५ लाख लिटर घेऊन. मी पुण्याहून सुट्टीला गेलेलो, गळ्यात नवा कॅमेरा. धरणाच्या पोटात उतरलो आणि भेगाळलेल्या जमिनीचा फोटो काढला.

फोटोत उजवीकडे दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबी होता. शेतकरी गाळ काढून शेतात नेत होते. मला ती अडगळ वाटली, पुसून टाकली. आभाळ पांढरंफटक आलं होतं, म्हणून कोकणातल्या एका जुन्या फोटोतलं काळंभोर आभाळ आणून चिकटवलं. तासाभराचं काम. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर काय वाहवा!

संध्याकाळी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"ट्रॅक्टर कुठं गेले रं?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"आन् हे आभाळ कुठून आणलंस? असलं आभाळ आलं असतं तर माणसं धरणात कशाला, पेरणीच्या तयारीला लागली असती."

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि मग सवयीप्रमाणे वाचत सुटलो. गंमत म्हणजे आभाळाची ही चोरी फोटोग्राफीइतकीच जुनी निघाली.

१८५० च्या दशकात काचेच्या प्लेटवर कोलोडियन लावून फोटो काढत. हे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद द्यायचं आणि हिरव्या-तांबड्याला फार उशिरा. म्हणजे झाडं-जमीन नीट येईपर्यंत प्लेट उघडी ठेवली की आभाळ नुसतं पांढरं. गुस्ताव्ह ल ग्रे ह्या फ्रेंच माणसानं १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढताना तोडगा काढला. समुद्राची प्लेट वेगळी, ढगांची वेगळी, आणि कागदावर छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडायच्या. आपल्या भाषेत, दोन लेयर्स! काही वेळा तर एकच आभाळ त्यानं वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं. (कोड रीयूज म्हणजे हेच की.)

ल ग्रेवर मला फारसा राग येत नाही. डोळ्यांना ढग दिसत होते, प्लेटला दिसत नव्हते. त्यानं यंत्राची उणीव भरून काढली.

आता आपल्या मुंबईकडे या. इथे १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. तिथल्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक विल्यम जॉन्सन, सरकारी नोकरी करता करता फोटोग्राफीत पडलेला. १८६३ आणि १८६६ मध्ये त्याचं दोन खंडांचं पुस्तक आलं, मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचं. त्यातल्या कित्येक फोटोंत माणसं एकीकडे टिपलेली आहेत आणि मागचं दृश्य दुसरीकडचं. माणसं कापून दृश्यावर बसवलेली. पण पुस्तक विकलं गेलं ते माहितीचं म्हणून! दूर लंडनमध्ये ते चाळणाऱ्याला वाटणार, ही माणसं अशी, ह्याच जागी उभी राहतात. इथे यंत्राची उणीव वगैरे काही नव्हती. माणूस आणि त्याची जागा ह्यांचं नातंच बनवलेलं होतं.

मग वाटलं, काहीच न बदललेला फोटो तरी खरा म्हणायचा का? ह्याचं उत्तर आमच्याच मुलखात सापडलं. कळंब १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, आणि सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. हे मूळचे आपल्यासारखेच इंजिनिअर बरं का! रुरकीच्या कॉलेजात शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, फोटोग्राफी सुरुवातीला छंद. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात निजाम सरकारनं जी मदतकामं काढली, त्यांचे फोटो त्यांच्या स्टुडिओनं काढले. त्यातली माणसं खरी, भूकही खरी. पण ते फोटो सरकारच्या चांगल्या कामाची नोंद म्हणून काढलेले. कॅमेरा मदत पोचली तिथे उभा होता. जिथे पोचली नाही तिथला फोटो कोण काढणार? एक कणही न बदलता फोटो अर्धं सांगू शकतो.

१९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकनं मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसवायला गिझाचे दोन पिरॅमिड कॉम्प्युटरवर जवळ सरकवले. फोटोशॉप यायला अजून ८ वर्षं होती. केवढा गहजब झाला त्यावर! तेच पिरॅमिड दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर सरकले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

थोडक्यात काय, 'एडिट केलाय का?' हा प्रश्न अपुरा आहे. फोटो बघून समोरचा काय ठरवणार आहे आणि ते ठरवायला लागणारं काही मी काढून टाकलंय का, हे विचारायला हवं. कॉन्ट्रास्ट वाढवा, धूळ पुसा, खुशाल.

आता माझ्या फोटोचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. तो बघून ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढली. चांगली जमली. सगळ्यांनी ठरवलं, पाण्याच्या बाटल्यांचे खोके पाठवू. पाठवलेही. अण्णा म्हणाले, "पाणी चांगलंय. पर जेसीबी दोन दिवस डिझेलवाचून उभा होता."

माझ्या फोटोत ओसाड जमीन होती आणि वर काळं आभाळ. असं चित्र बघून माणूस पाण्याच्या बाटल्याच पाठवणार. त्यात ट्रॅक्टर असते तर निदान एकानं तरी विचारलं असतं, की हे लोक काय करतायत आणि त्यांना काय लागतं? दुष्काळातली माणसं हातपाय गाळून बसलेली नव्हती. ती मी बसवली.

असो. 'धरण फायनल' डिलीट केला नाही, ठेवलाय. पण प्रिंट मात्र मूळ फाइलची काढून घेतली. आभाळ पांढरंफटक आहे, उजवीकडे जेसीबीचा पिवळा हात मध्येच आलाय. दिवाळीला कळंबला जाताना घेऊन जाईन. अण्णा भिंतीवर लावतील की नाही, माहीत नाही. पण ट्रॅक्टर मोजतील नक्की.