एकसरचे वीरगळ
मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर गावातील सहा युद्धस्मारक-शिलांचा समूह. गावोगावच्या वीरगळांवर बहुधा जमिनीवरची किंवा गाईगुरांसाठी झालेली झुंज दिसते. इथे मात्र काही शिलांवर आरमारी लढाई कोरलेली आहे, आणि कोकणच्या नौकानयनाचा असा दगडी पुरावा दुर्मीळच.

काळ्या पाषाणाच्या या शिलांपैकी मोठ्या शिला सुमारे १० फूट उंच व ३ फूट रुंद आहेत. प्रत्येकीच्या माथ्यावर कलश असून खाली आडव्या पट्ट्यांत प्रसंग येतात. ते तळातून वर वाचायचे : लढाई, वीराचे पतन, स्वर्गारोहण आणि शेवटी कैलासात शिवलिंगाची पूजा. एका शिलेच्या तळाशी उंच पिछाडीची, डोलकाठ्यांची पाच गलबते असून त्यांच्या बाजूंवर नऊ-नऊ वल्ही मोजता येतात. मरणारा योद्धा राहिला बाजूला, शिल्पकाराचा जीव जहाजांत अडकलेला दिसतो.

शिलांवर वीरांची नावे नसल्याने काळाबद्दल एकमत नाही. आधी त्या अकराव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या गेल्या. पुढे अनेक अभ्यासकांनी त्यांचा संबंध उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडला. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख हेमाद्रीने केला आहे. हेमाद्री यादवांचाच मंत्री, त्यामुळे त्याच्या वर्णनात विजेत्याचा तोरा आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या शिलांचे पट्टीनिहाय वर्णन आढळते.