ट्रॅक ०१ - गायक अज्ञात

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो, हेडफोन लावले आणि तासभर हललोच नाही. उत्तर नायजेरियातला दान माराया जोस गात होता. भाषा हौसा, मला एक शब्द कळेल तर शपथ! हातात कुंटिगी, म्हणजे एका तारेचं चिमुकलं वाद्य. त्याचं अंग म्हणजे बहुतेक वेळा सार्डिन माशांचा रिकामा डबा.

दान माराया म्हणजे पोरका. जन्म १९४६ चा, आईवडील लहानपणीच गेलेले. राजे-उमरावांची स्तुती गाणाऱ्यांच्या मुलखात हा गायला कुणावर? तर 'कारेन मोता'वर. शब्दशः 'मोटारीचं कुत्रं', म्हणजे आपल्याकडचा ट्रकवरचा किन्नर! २०१५ मध्ये तो गेला.

दुसरं मोठं नाव मम्मन शाता (मृत्यू १९९९). साथीला कलंगू, म्हणजे डमरूसारखा मधे आवळलेला ढोल, काखेत दाबला की सूर चढतो. शाता गाणं लिहून ठेवत नसे, समोरचा माणूस बघून उभ्या उभ्या रचायचा. म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंग ही वेगळी आवृत्ती. आणि स्तुतिगीतात कोण कुणाचा मुलगा, कुणाचा शब्द चालायचा, सगळं येतं. इतिहासच की तो. तो पुसला तर दुसरी प्रत कुठून आणणार?

काडुनाच्या रेडिओ केंद्राचा आवाज १९६२ पासून हौसा घराघरांत पोचला. तो काळ स्पूलवाल्या टेपचा. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, त्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी आणि ती धरून ठेवणारा चिकट थर. काही टेपांमध्ये, विशेषतः १९७०-८० च्या दशकांतल्या, हा थर हवेतली ओल शोषतो, चिकट होतो आणि मशीनवर टेप किंचाळायला लागते. उपाय ऐकून हसाल: टेप चक्क भाजतात! साधारण ५० अंशांवर, कित्येक तास. मग काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. त्याहून जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपांना व्हिनेगरसारखा वास यायला लागतो. त्या मात्र चुकूनही भाजायच्या नाहीत.

आता आपल्या धंद्यातला हिशेब. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ, म्हणजे तासाला साधारण २ जीबी. हजार तास म्हणजे २ टीबी, खिशात मावतील. जागा हा प्रश्नच नाही. महाग आहे तो वेळ, कारण तासाची टेप वाजायला तास लागतोच, तिथे प्रोसेसर कामाला येत नाही. महाग आहे ते चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारा हात.

आणि सगळ्यात महाग तो म्हातारा माणूस, जो ऐकून सांगेल की हा अमुक गायक, हे तमुक सरदाराचं गाणं. तो नसेल तर फाइलचं नाव पडतं 'ट्रॅक ०१'. त्यात हौसात आकडीवालं 'ड' साध्या 'ड'हून वेगळं. 'दान'मध्ये तेच आहे. एकाने आकडी दिली, दुसऱ्याने नाही, की सर्चमध्ये गाणं गायब. मराठी फॉन्टच्या भानगडी भोगलेल्यांना वेगळं सांगायला नको :)

गंमत म्हणजे पुष्कळ गाणी टिकली ती बाजारातल्या कॅसेटींमुळे. कानो शहरात हिंदी सिनेमाचं वेड इतकं, की तिथल्या बांदिरी गायकांनी मुंबईच्या चालींवर पैगंबरांची स्तुती बसवली. कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी... दर वेळी खरखर वाढते. पण खरखरीतलं गाणं नसलेल्या गाण्यापेक्षा बरं.

हे सगळं मी का लिहितोय? आमच्याकडे आजोबांच्या भजनाची एक कॅसेट होती. दुसरीत असताना मी लाल बटण दाबून त्यावर स्वतःची बडबड रेकॉर्ड केली. कुणी रागावलं नाही. आजोबा तेव्हा होते ना! आज माझी बडबड आहे, आजोबा नाहीत.

असो. घरी जुनी कॅसेट असेल तर पाठीवरचे ते दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आज मोडून टाका, म्हणजे तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. मग आईला विचारा कोण गातंय, आणि लिहून ठेवा.