शेण फुकट नसते

बायोगॅसची बाजू मांडताना एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. जनावर शेण टाकतेच, शहर कचरा करतेच. म्हणजे कच्चा माल फुकट. अडते ते भांडवलापाशी. मोठे प्रकल्प उभे करा, गॅस मिळालाच म्हणून समजा.

या पूर्वपक्षातले तंत्राबद्दलचे गृहीत मान्य करायला हरकत नाही. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस निघाला तो 1897 साली. जशभाई पटेलांच्या तरंगत्या टोपीचे संयंत्र खादी ग्रामोद्योग आयोगाने पुढे देशभर नेले. छत्तीसगडातल्या रायपूरची उबदार हवाही टाकीतल्या जिवाणूंना मानवणारी. वाद आहे तो ‘फुकट’ या गृहीताशी.

त्याचे खंडन खुद्द छत्तीसगडनेच केले आहे. 20 जुलै 2020 रोजी, हरेलीच्या सणाला, तिथल्या सरकारने गोधन न्याय योजनेत 2 रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली. आता हिशेब मांडू. साधारण 25 किलो शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो जळणात जेमतेम 430 ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा असतो. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांचा धरला, तर एवढ्या एलपीजीचे 27 रुपये होतात. शेणाचे मात्र 50.

यावर कोणी म्हणेल, सरकारने भाव दिला म्हणूनच शेण महागले. तसे नाही. शेणाला किंमत आधीपासूनच होती. घरात ती छेना म्हणजे गोवऱ्यांच्या रूपाने आणि शेतात खताच्या रूपाने वसूल होत होती. शिवाय श्रम वेगळे. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि जवळपास तेवढेच पाणी लागते. छत्तीसगडची कोसली गाय अंगाने लहान, दिवसभर मोकळी चरणारी. तिचे निम्मे शेण रानातच पडते. उरलेले गोळा करायचे, काडीकचरा वेचायचा, शेणकाला ढवळून टाकीत सोडायचा, तोही ऐन मे महिन्यात तळे आटले असताना. हे बहुधा घरातल्या बाईच्या वाट्याला येते आणि हिशेबात कुठेच धरले जात नाही. बंद पडलेल्या संयंत्रांचे खापर गावकऱ्यांच्या आळसावर फोडणाऱ्यांनी हे काम आठवडाभर करून पाहावे.

मग बायोगॅस तोट्याचाच का? नाही. गॅस निघून गेला तरी शेणातले नत्र, स्फुरद, पालाश मागे उरणाऱ्या स्लरीत राहते. म्हणजे शेणाची किंमत वसूल होते ती खतातून. गॅस हा वरचा नफा. गोधन न्याय योजनेतही शेणाचे गांडूळखत करून ते 10 रुपये किलोने विकले जाई. केंद्रालाही हे उमगलेले दिसते. त्याच्या ‘सतत’ योजनेने 2018 साली 5000 बायोगॅस प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले, पण ते गाठणे दूरच राहिले. 2023 साली अशा प्रकल्पांतल्या सेंद्रिय खताच्या विक्रीसाठी टनाला 1500 रुपयांचे साहाय्य मंजूर करावे लागले. पण पातळ स्लरीत बहुतांश पाणीच असते. ती लांब नेणे म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणे. शेत टाकीच्या जवळ हवे.

शहरी कचऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. रायपूरजवळ रावांभाठ्याला भारत पेट्रोलियमसोबत रोज 100 ते 150 टन कचऱ्यावर चालणारा प्रकल्प ठरला आहे. तिथे किंमत मोजायची ती वर्गीकरणाची. प्लास्टिकची पिशवी, काच, डायपर ओल्या कचऱ्यात आले की यंत्रे तुंबतात आणि खतही बिघडते. इंदूरचा 550 टनी प्रकल्प 2022 पासून चालतो, कारण त्याआधी वर्षानुवर्षे तिथे घराघरांतून कचरा वेगळा घेण्याची घडी बसवली गेली. रायपूरमधल्या डूमरतराईच्या घाऊक भाजीबाजारातला पाला त्या दृष्टीने सोन्यासारखा: एका जागी मिळणारा, बहुतांशी निवडलेला.

मोठ्या प्रकल्पांना विरोध नाही. त्यांच्या मंजुरीचा क्रम उलटा आहे, हा आक्षेप आहे. आधी खताचे गिऱ्हाईक ठरवा, मग शेण-कचरा आणणाऱ्याची मजुरी, आणि शेवटी टाकीचा आकार. टाक्या मोजून बायोगॅसची वाढ कळत नाही. ती कळते टाकी भरणाऱ्या हाताला रोज काय मिळते यावरून.