गवताची सुट्टी

रविवारी सकाळी सौभाग्यवतींनी हातात विळा दिला. "अंगणातली हरळी काढा."

"आज तिला सुट्टी आहे," मी म्हणालो. "टॉम मॉरिसचा हुकूम!"

हे मॉरिस स्कॉटलंडचे. ओपन स्पर्धा 1861 ते 1867 या काळात चारदा जिंकलेले. पण पोटापाण्याला सेंट अँड्र्यूजचं गोल्फ मैदान सांभाळायचे. म्हणजे साहेबलोकांचे पगारी माळीच म्हणा ना! प्रेस्टविकला असताना हिरवळीवर वाळूची हातगाडी कलंडली आणि नेमकं तिथलंच गवत फोफावलं, असं सांगतात. तेव्हापासून मॉरिसबुवांचा वाळूचा सपाटा सुरू झाला. पातळसा थर दिला की खाचखळगे भरतात, पाणी जिरतं आणि गवत त्यातून वर डोकं काढतं.

पण खरी हिंमत पुढंच. रविवारी खेळ बंद! तुम्हाला विश्रांती नको असेल, मैदानाला हवी, असं हा माळी मालकांना सुनवायचा म्हणे. ओल्ड कोर्सवर आजही रविवारी एरवी खेळ नसतो. गावकरी कुत्री घेऊन फिरतात. थंडीत गवत वाढत नाही, उडालेला ढलपा भरून येत नाही. म्हणून नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवर फटका मारायचा तर चेंडू छोट्याशा चटईवर ठेवायचा. सातासमुद्रापलीकडून यावं आणि बगलेत चटई मारून हिंडावं!

सौ.नी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाकीचे सहा दिवस ते काम करायचे ना?" त्या म्हणाल्या. "मग उद्या ऑफिसात रजा टाका."