मोटारगाडीची देखभाल

मोटारगाडीची देखभाल म्हणजे गाडी सुरक्षित, भरवशाची आणि इंधनाच्या दृष्टीने काटकसरी राहावी यासाठी ठरावीक कालावधीने केली जाणारी तपासणी, साफसफाई, तेलपाणी आणि झिजलेल्या भागांची बदली होय. तिची दोन अंगे आहेत. पहिले अंग नियतकालिक देखभालीचे असून ती किलोमीटर किंवा महिने यांच्या हिशोबाने केली जाते. दुसरे अंग दोषनिदानाचे असून त्यात आवाज, वास, धूर, कंपन, गळती आणि इशारादर्शक दिवे यांवरून बिघाड वेळीच ओळखला जातो. गाडीतील बहुतेक यांत्रिक बिघाड अकस्मात होत नाहीत; त्यांची पूर्वलक्षणे काही दिवस किंवा काही आठवडे आधी दिसू लागतात. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास किरकोळ खर्चाची दुरुस्ती इंजिन उघडण्यापर्यंत जाते आणि ब्रेक किंवा टायर यांच्या बाबतीत जीवितहानीही संभवते.

इतिहास

देखभालीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी आपल्या दोन मुलांसह जर्मनीतील मानहाइम ते फोर्झहाइम हा सुमारे १०० किलोमीटरहून अधिक अंतराचा प्रवास पती कार्ल बेंझ यांनी बनविलेल्या मोटारीतून केला. वाटेत इंधनाची तुंबलेली नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंजिन थंड ठेवण्यासाठी वेळोवेळी पाणी भरले आणि झिजलेल्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर चांभाराकडून चामडे बसवून घेतले. तुंबलेले इंधन, तापलेले इंजिन आणि झिजलेले ब्रेक या तिन्ही तक्रारी आजही गॅरेजमध्ये नित्याच्या आहेत.

आरंभीच्या मोटारी हाताने हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरील स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला आणि तेव्हापासून बॅटरीची निगा हा देखभालीचा अविभाज्य भाग बनला.

भारतात ॲम्बॅसेडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळात कार्बोरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, प्लग पुसणे ही कामे अनेक मालक व चालक स्वतः करीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि कार्बोरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. परिणामी दुरुस्तीचे पुष्कळसे काम मालकाच्या हातून प्रशिक्षित कारागिराकडे गेले. लक्षण ओळखण्याचे काम मात्र चालकाकडेच राहिले, कारण गाडीच्या नेहमीच्या चालीतील फरक सर्वप्रथम त्यालाच जाणवतो.

दोषांची लक्षणे

इशारादर्शक दिवे

चालकासमोरील फलकावरील दिव्यांच्या रंगांना अर्थ असतो. तांबडा दिवा तातडीचा धोका दर्शवितो, तर पिवळा किंवा नारिंगी दिवा लवकर तपासणी करण्याची सूचना देतो.

तेलाच्या झारीचे चिन्ह असलेला तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिनातील तेलाचा दाब घटला आहे असे समजावे आणि गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. वंगणाविना धातूवर धातू घासून इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. बॅटरीचे चिन्ह असलेला दिवा चालत्या गाडीत लागल्यास बहुधा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा यांत दोष असतो. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असल्यास गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते; तो लुकलुकत असल्यास एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि न जळलेल्या इंधनामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो. अशा वेळी कारागीर गाडीच्या संगणकातून दोषसंकेत वाचतात. उदाहरणार्थ, ‘पी०३०१’ हा संकेत पहिल्या सिलिंडरमधील ज्वलनदोष दर्शवितो. संकेत दोषाची दिशा दाखवितो. नेमका कोणता भाग बदलायचा हे प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरते.

धूर

* निळसर धूर: इंजिन तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजलेली असू शकतात.
* दाट पांढरा धूर: इंजिन तापल्यावरही तो कायम राहिल्यास कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता असते. हेड गॅस्केट उडणे हे त्याचे सर्वपरिचित कारण आहे. थंड सकाळी थोडा वेळ निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते.
* काळा धूर: हवेच्या मानाने इंधन जास्त जळत आहे. तुंबलेला एअर फिल्टर किंवा सदोष इंजेक्टर तपासावा.

गळती

रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवल्यास सकाळी डागाची जागा आणि रंग यांवरून गळतीचा उगम कळतो. काळपट तपकिरी डाग इंजिन तेलाचा असतो. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचा द्रव कूलंट असतो. चाकाच्या आतील बाजूस आढळणारा फिकट पिवळसर, बुळबुळीत द्रव ब्रेक ऑइल असण्याचा संभव असतो. अशी गाडी चालवू नये. वातानुकूलन वापरल्यानंतर ठिबकणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

आवाज आणि वास

इंजिन सुरू करताना येणारी किंचाळी सैल किंवा झिजलेल्या पट्ट्याची असते. ब्रेक दाबताना येणारी बारीक शीळ बहुधा ब्रेक पॅड संपत आल्याची सूचना असते. ती दुर्लक्षिल्यास पुढे धातू घासल्याचा खरखराट सुरू होतो आणि पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालविताना येणारा ‘टक्‌टक्’ आवाज पुढील ॲक्सलचा सांधा झिजल्याचे दर्शवितो. खड्ड्यातून जाताना होणारा ‘धड्’ असा आवाज सस्पेन्शनमधील बुश किंवा शॉक अब्सॉर्बर यांकडे निर्देश करतो.

चढणीवर करपट वास आल्यास क्लच प्लेट घसरत असते. क्लचवर सतत पाय ठेवून गाडी चालविण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण होय. पेट्रोलचा वास आल्यास इंजिन बंद करून प्रवाशांना खाली उतरवावे. या लक्षणात आगीचा धोका असतो.

प्रमुख यंत्रणांची निगा

वंगण व शीतन

सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकने तेलाची पातळी पाहतात. ती दोन खुणांच्या दरम्यान असावी. आधुनिक पेट्रोल गाड्यांत तेल व तेलाचा फिल्टर सामान्यतः १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलतात. गाडीच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी.

कूलंट हे ग्लायकॉल आणि पाणी यांचे मिश्रण असते. ते पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि रेडिएटरला गंजू देत नाही. नळाचे पाणी वारंवार भरल्यास क्षार साचून रेडिएटर तुंबतो. तापमापकाचा काटा वर गेल्यास वातानुकूलन बंद करून गाडी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील दाबाखालचे उकळते पाणी उसळून गंभीररीत्या भाजते.

बॅटरी

शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब पूर्ण भारित व स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना सामान्यतः १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आढळतो. सेल्फ मारताना इंजिन रेंगाळत फिरणे, हेडलाइट मंदावणे ही दुबळ्या बॅटरीची चिन्हे होत. टर्मिनलवरील पांढरट-हिरवट थर खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने काढता येतो. जोडणी सोडविताना ऋण टोक प्रथम सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ काडी पेटवू नये.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ऑइलसाठी तो कोरड्या अवस्थेत किमान २३० °से. आणि ओलसर अवस्थेत किमान १५५ °से. असावा असे मानक आहे. जुने ऑइल दीर्घ उतारावर उकळल्यास नळ्यांत वाफ होते आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणूनच ऑइल स्वच्छ दिसत असले तरी साधारणतः दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस केली जाते. पेडल खोल जाणे किंवा मऊ लागणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे, पेडल थरथरणे ही तत्काळ तपासणीची लक्षणे होत.

टायर

हवेचा योग्य दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. टायर थंड असतानाच तो तपासावा. दाब कमी असल्यास टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असल्यास मधला भाग झिजतो. एकच कड झिजत असल्यास अलाइनमेंट बिघडलेले असते. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. नक्षीच्या खोबणीतील उंचवटे ही मर्यादा दाखवितात. टायरच्या भिंतीवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते: ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी वर्षांगणिक रबर कडक होऊन तडकते. स्टेपनीतील हवाही याच वेळी पाहावी.

महाराष्ट्रातील विशेष परिस्थिती

घाटरस्ते

खंबाटकी, बोरघाट, आंबोली यांसारख्या घाटांत उतारावर इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडून उतरण्याची प्रथा आढळते. ती धोकादायक आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे निर्वात साहाय्य काही वेळा पेडल दाबल्यावर संपते आणि स्टिअरिंग जड होते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नसल्याने सर्व भार ब्रेकवर येऊन ते तापतात. शिवाय इंधन अंतःक्षेपण असलेल्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सलरेटर सोडल्यास इंधनपुरवठा जवळजवळ बंदच होतो. त्यामुळे अपेक्षित बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा हा जुन्या चालकांचा संकेत तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे.

द्रुतगती मार्ग

मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. अशा मार्गावर तासन्‌तास अखंड वेगाने धावताना टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्याच्या भिंती सतत दुमडून उष्णता साचते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात प्रवासापूर्वी हवेचा दाब, टायरचे वय आणि भिंतीवरील फुगवटे तपासणे आवश्यक ठरते.

पावसाळा आणि किनारपट्टी

पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर, दिवे, ब्रेक आणि टायरची नक्षी तपासतात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक काही वेळा हलके दाबून कोरडे करावेत. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि संपूर्ण इंजिन उघडावे लागते. गाडी ओढून नेणेच योग्य. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या मोटारींमध्ये गुदमरून काही जणांचा मृत्यू ओढवला. पाणी चढू लागताच काच उघडून गाडी सोडणे हाच अशा वेळी सुरक्षित मार्ग असतो.

कोकण व गोव्याच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. गाडीचा तळ वेळोवेळी धुणे, त्यावर गंजरोधक लेप देणे आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे हे त्यावरील उपाय होत. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. त्यामुळे बॉनेट अधूनमधून उघडून पाहावे.

देखभालीचे वेळापत्रक

* दर पंधरवड्याला: टायरमधील हवा, तेल, कूलंट, ब्रेक ऑइल व वायपरच्या पाण्याची पातळी, सर्व दिवे.
* सुमारे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्षाने: इंजिन तेल व फिल्टर, एअर फिल्टरची तपासणी, टायरची अदलाबदल, अलाइनमेंट, ब्रेक पॅडची जाडी.
* सुमारे दोन वर्षांनी: ब्रेक ऑइल.
* पुस्तिकेत दिलेल्या अंतराने: स्पार्क प्लग, कूलंट, गिअर ऑइल आणि टायमिंग बेल्ट. हा बेल्ट तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. म्हणून तो सुस्थितीत दिसला तरी मुदतीत बदलतात.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बदललेला भाग यांची नोंद वहीत ठेवल्यास अनावश्यक खर्च टळतो आणि गाडी विकताना तिचा पूर्वेतिहास उपलब्ध होतो.

सामान्य गैरसमज

गाडी कमी चालविली तर देखभालीची गरज नसते, हा समज चुकीचा आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात आणि तेलाचे गुणधर्मही कालौघात घटतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. केवळ शहरातील छोट्या फेऱ्यांनी तो तुंबतो आणि साठलेली काजळी जळण्यासाठी अधूनमधून सलग, मोकळ्या रस्त्यावरील प्रवास आवश्यक असतो. सकाळी इंजिन बराच वेळ उभ्यानेच तापविण्याचीही आधुनिक गाड्यांत गरज नसते. अर्ध्या मिनिटानंतर सावकाश चालविणे पुरेसे असते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा अनिवार्य आहे. नव्या गाडीस पहिले वर्ष संपल्यानंतर प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र बाळगावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडीची योग्यता तपासून ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. सीएनजी गाडीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे.