वेडाला दारिद्र्याचा शिक्का

इंग्लंडच्या पार्लमेंटने इ. स. १६९७ साली एक कायदा केला. गावाच्या करातून अन्नवस्त्र मिळविणाऱ्या प्रत्येक गरिबाने आपल्या उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, तांबड्या किंवा निळ्या कापडाचे ठिगळ लावावे, असे त्यात फर्माविले होते. ठिगळावर 'पी' हे अक्षर, व त्याच्या जोडीला त्या पॅरिशच्या नावाचे आद्याक्षर. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्ती. आणि 'पी' म्हणजे पॉपर. आपल्याकडे 'कंगाल' या शब्दात जो तिरस्कार आहे, तोच त्या शब्दातही आहे. ठिगळ लावण्यास जो नकार देई, त्याची मदत तुटे किंवा त्यास फटके बसत. हा नियम सर्वत्र सारख्याच कडकपणे पाळला जाई असे नव्हे, आणि १८१० साली तो रद्दही झाला. परंतु कापड गेले तरी त्यामागची कल्पना पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली. आणि तिचा सर्वांत विचित्र जाच कोणाला झाला असेल, तर तो मनाच्या आजाराने पछाडलेल्या गरिबांना.

ही कल्पना कायद्याच्या भाषेत स्वच्छपणे मांडली गेली ती १८३४ साली. त्या वर्षी दरिद्र्यांच्या मदतीचा जुना कायदा बदलण्यात आला. नव्या कायद्याच्या कर्त्यांचे तत्त्व असे होते की, मदत घेणाऱ्याची स्थिती स्वकष्टाने पोट भरणाऱ्या हलक्यातल्या हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षाही वाईट असली पाहिजे. नाहीतर काम कोण करील? म्हणून मदत हवी असेल त्याने वर्कहाऊस नावाच्या इमारतीत राहावयास यावे. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अंगावर संस्थेचा पोशाख. आणि खाणे बेताचे. लाज हा या व्यवस्थेतील दोष नव्हता, तर लाज हेच तिचे मुख्य यंत्र होते.

धडधाकट मनुष्याविषयी हा युक्तिवाद घटकाभर मान्य केला, तरी वेड्याच्या बाबतीत त्याला काय अर्थ उरतो? भीतीपोटी आळशी मनुष्य कदाचित कामाला लागेल. भीतीने कोणाची बुद्धी ठिकाणावर आल्याचे ऐकिवात नाही. हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते असेही नाही. धोकादायक वेड्यास चौदा दिवसांहून अधिक काळ वर्कहाऊसमध्ये ठेवू नये, असे एक कलम त्याच कायद्यात होते. तथापि निरुपद्रवी वेडे, मंदबुद्धी माणसे व उदासीनतेने खचलेल्या बाया वर्कहाऊसमध्ये वर्षानुवर्षे राहिल्या. कारण उघड होते. वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यापेक्षा येथे खर्च कमी येई.

इस्पितळांची गोष्ट आणखी निराळी. १८४५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यावर वेड्यांसाठी इस्पितळ बांधण्याची सक्ती झाली. त्यामागे लॉर्ड अॅश्ले, म्हणजे पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी म्हणून प्रसिद्ध झालेले गृहस्थ, यांची खटपट होती आणि त्यांचा हेतू निःसंशय दयेचा होता. त्यापूर्वीच, १८३९ साली, लंडनजवळच्या हॅनवेल येथील इस्पितळात डॉक्टर जॉन कोनोली यांनी रोग्यांच्या हातापायांतील साखळदंड व पट्टे काढून टाकले होते. पण अशा इस्पितळांच्या नावातच 'कंगाल वेड्यांचे' हे शब्द असत, आणि आत जाण्याची वाटही दरिद्र्यांच्या कचेरीवरूनच जाई. मदत वाटणारा अधिकारी, डॉक्टर व मॅजिस्ट्रेट या तिघांच्या हातून कागद फिरे. रोग्याचा आजार काय, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न तो मूळचा कोणत्या पॅरिशचा, हा असे. कारण खर्च त्या पॅरिशवर पडावयाचा, आणि त्यावरून दोन गावे कोर्टात भांडत.

परिणाम असा झाला की, ज्या सुताराने किंवा लहान दुकानदाराने जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता, त्याची बायको भ्रमिष्ट झाली आणि खाजगी इस्पितळाची फी त्याला परवडेना, की तिच्या नावापुढे 'पॉपर' हा शब्द लिहिला जाई. उपचार हवा असेल तर आधी कंगाल व्हा, असाच तो हिशेब होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील नोंदलेल्या वेड्यांपैकी दहांत नऊ याच सदरात मोडत. १८७४ पासून इस्पितळात ठेवलेल्या अशा प्रत्येक रोग्यामागे सरकार आठवड्याला चार शिलिंग देऊ लागले. तेव्हा वर्कहाऊसमधील कित्येक निरुपद्रवी म्हातारेकोतारे एकाएकी इस्पितळाला योग्य ठरले. चार शिलिंगांनी रोगाचे निदान बदलते, हे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सापडावयाचे नाही.

या साऱ्याचा माणसावर काय परिणाम होई, हे पाहावयाचे तर चार्ली चॅप्लिनच्या आईची हकीकत पाहावी. हॅना चॅप्लिन ही नाट्यगृहात गाणारी बाई. आवाज गेला, नवऱ्याचा आधार नव्हता. शिवणकाम करून ती सिडनी आणि चार्ली या दोन मुलांना वाढवीत होती. १८९६ साली तिघांनाही वर्कहाऊसचा दरवाजा दिसला. चार्ली तेव्हा सात वर्षांचा होता; त्याला हॅनवेलच्याच दरिद्री मुलांच्या शाळेत धाडण्यात आले. १८९८ च्या उन्हाळ्यात पुन्हा तीच पाळी आली. त्या ऑगस्टात हॅनाने एक युक्ती केली. वर्कहाऊस सोडून जातो असे सांगून तिने स्वतःचे व मुलांचे कपडे परत मागून घेतले, आणि तिघे केनिंग्टनच्या बागेत गेली. सिडनीजवळ नऊ पेन्स होते. त्यांनी काळ्या चेरी विकत घेऊन खाल्ल्या, कागदाचा चेंडू करून ती खेळली, आणि संध्याकाळी पुन्हा दारात येऊन उभी राहिली. अधिकारी चिडले, कारण आत घेण्याचे सगळे सोपस्कार नव्याने करावे लागले. चॅप्लिनने ही हकीकत १९६४ सालच्या आत्मचरित्रात मोठ्या आनंदाने सांगितली आहे. पुढच्याच महिन्यात हॅनाला केन हिलच्या इस्पितळात हलविण्यात आले.

१९०३ साली ती पुन्हा भ्रमिष्ट झाली. शेजारच्या मुलांना ती वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे तुकडे वाटीत होती. सिडनी बोटीवर नोकरीला गेलेला; चौदा वर्षांच्या चार्लीने एकट्याने आईचा हात धरून तिला दवाखान्यात पोचविले. पोटात पुरेसे अन्न नाही म्हणून हे झाले, असे डॉक्टरांनी त्यास सांगितले. दोघे भाऊ कमावते झाल्यावर, १९१२ साली, त्यांनी तिला खाजगी इस्पितळात नेले. आजार तोच होता. फक्त नावापुढचा शब्द गेला. १९२१ मध्ये तिला कॅलिफोर्नियास नेण्यात आले व तेथेच १९२८ साली ती वारली.

इंग्रजी राज्याबरोबर वेड्यांविषयीचा कायदा १८५८ साली हिंदुस्थानातही आला. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्यास पोलिसाने मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, ही त्यातील मुख्य तरतूद. परंतु दरिद्र्यांच्या मदतीचा कायदा मात्र इकडे कधीच आला नाही. त्यामुळे 'पॉपर' हा शिक्का आपल्या लोकांच्या वाट्यास आला नाही, आणि त्या शिक्क्याबरोबर मिळणारी भाकरीही आली नाही. सारा भार घरावर, म्हणजे बहुधा आईवर किंवा थोरल्या भावजयीवर पडला.

इंग्लंडात हा बट्टा पुसण्याचे प्रयत्न तुकड्यातुकड्यांनी झाले. १९०४ पासून वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर त्या इमारतीचे नाव न घालता साधा रस्त्याचा पत्ता घालू लागले. मदत घेणाऱ्यांचा मताचा हक्क जात असे, तो १९१८ साली परत मिळाला. १९३० च्या कायद्याने 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मानसिक रुग्णालय' हे नाव आले, रोग्यास आपण होऊन दाखल होण्याची मुभा मिळाली, आणि 'पॉपर' ऐवजी 'करातून साहाय्य मिळणारा' असा लांबलचक शब्द योजण्यात आला. नावे बदलणे सोपे असते. शेवटी ५ जुलै १९४८ रोजी दरिद्र्यांचा कायदा संपूर्ण संपुष्टात आला, आणि त्याच दिवशी सर्वांसाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू झाली.

तरीही नव्या मंडळाकडे मदत मागावयास लोक कचरत. मिळकतीची चौकशी करणारा अधिकारी घरी येई, तो शेजाऱ्यांस दिसे. हक्क असूनही अर्ज न करणारे वृद्ध इतके होते की, १९६६ साली सरकारने त्या मदतीचे नाव पुन्हा एकदा बदलले. अनेक ठिकाणी जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींतच नवी रुग्णालये थाटली होती. आत स्वच्छ खाटा होत्या, नर्सबाया होत्या, फी नव्हती. पण गावातली म्हातारी माणसे त्या फाटकातून आत पाऊल टाकावयास तयार होत नसत.